वाचकांचे प्रश्न : मेश पास झाला, पण उत्तर बरोबर आहे का?

फायनाइट एलिमेंट विश्लेषण म्हणजे भागाचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून त्यातला स्ट्रेस काढणे. या तुकड्यांचे जाळे म्हणजे मेश, आणि ते जिथे जोडले जातात ते बिंदू म्हणजे नोड. असे विश्लेषण करणाऱ्या वाचकांचे मेशबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. लांबी मिलिमीटरमध्ये आणि स्ट्रेस मेगापास्कलमध्ये आहे.

प्रश्न : ग्राहकाने दिलेल्या क्वालिटी क्रायटेरियात माझा ब्रॅकेटचा मेश पूर्ण बसतो, एकही एलिमेंट फेल नाही. तरीही साइझ ५ वरून ३ मिमी केली की ६ मिमी त्रिज्येच्या फिलेटमधला (कोपऱ्याच्या गोलाईतला) स्ट्रेस २० टक्क्यांनी वाढतो. क्वालिटी पास असताना असे का? (सीएई इंजिनिअर, चाकण)

उत्तर : क्वालिटी चेक फक्त एलिमेंटचा आकार पाहतो. त्या जागी स्ट्रेस किती झपाट्याने बदलतो आहे, हे त्याला कळत नाही. तुमच्या फिलेटची ९० अंशांची कमान ९.४ मिमी लांब आहे. ५ मिमीच्या मेशमध्ये तिच्यावर जेमतेम दोन एलिमेंट बसतात, ३ मिमीमध्ये तीन. दोन्ही मेश क्रायटेरियात बसणारे आहेत आणि दोन्ही या कामाला विरळ आहेत. मधल्या नोडची, म्हणजे दुसऱ्या क्रमाची एलिमेंट वापरत असाल तर अशा कमानीवर किमान चार ते सहा हवीत. पहिल्या क्रमाची असतील तर आठ-दहा. तुमच्या भागात दुसऱ्या क्रमासाठी ही साइझ १.५ मिमी येते. आधी १.५ आणि मग ०.७५ मिमी करून पाहा. वाढ दोन-चार टक्क्यांवर आली तर उत्तर हाती आले असे समजा.

मग क्रायटेरिया कशासाठी? सॉल्व्हर प्रत्येक एलिमेंटचे गणित एका आदर्श चौरसावर किंवा घनावर करतो आणि ते खऱ्या आकारावर नेतो. एलिमेंट जितका वेडावाकडा, तितके हे नेणे बिघडते. जेकोबियन त्याचेच माप आहे. तो शून्याखाली गेला तर एलिमेंट उलटा झालेला असतो आणि सॉल्व्हर तिथेच थांबतो. गाड्यांच्या पत्र्याच्या भागांसाठी साधारणपणे जेकोबियन ०.६ च्या वर, वॉर्पेज (एलिमेंट सपाटीतून किती मुरगळला) १५ अंशांच्या आत, अ‍ॅस्पेक्ट रेशो (लांब आणि आखूड बाजूंचे गुणोत्तर) ५ च्या आत, स्क्यू (तिरकेपणा) ६० अंशांच्या आत, क्वाडचे (चौकोनी एलिमेंटचे) कोन ४५ ते १३५ अंश आणि ट्राया (त्रिकोणी एलिमेंट) ५ टक्क्यांच्या आत ठेवतात.

हे आकडे वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे व्याख्या. एकाच नावाची मोजणी दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हांनी होते. कुठे जेकोबियन १ म्हणजे आदर्श आणि तो कमी होत गेला की वाईट, तर कुठे तो १ पासून वाढत गेला की वाईट. स्क्यू कुठे अंशांत असतो, कुठे शून्य ते एकच्या पट्टीवर. एका सॉफ्टवेअरची मर्यादा दुसऱ्यात तशीच टाकली तर चांगला मेश फेल होतो, किंवा वाईट बिनबोभाट सुटतो. दुसरी गोष्ट जागेची. दूरच्या फ्लँजवर, जिथे स्ट्रेस १० मेगापास्कलही नाही, तिथले ०.५५ जेकोबियनचे दहा एलिमेंट सुधारण्यात दुपार घालवणे म्हणजे वेळ फुकट. फिलेटवर बसलेला ०.६२ चा एकच एलिमेंट मात्र क्रायटेरियात पास असूनही हाताने नीट करण्यासारखा असतो. म्हणून आधी विरळ मेशवर एक रन घ्या, स्ट्रेस कुठे चढतो ते पाहा आणि मेहनत तिथे घाला. दाट भागातून विरळ भागाकडे जाताना शेजारच्या एलिमेंटच्या साइझमधला फरक १.२ ते १.५ पटींच्या आत ठेवा. १ मिमीला थेट ५ मिमी जोडला की त्या सांध्यावरच खोटा स्ट्रेस दिसू लागतो.

प्रश्न : एल आकाराच्या ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात ४ मिमी मेशला १८० मेगापास्कल आला. २ मिमीला २४७, १ मिमीला ३३८, अर्ध्या मिमीला ४६४. कुठे थांबायचे? ग्राहक ‘खरा आकडा’ मागतो आहे. (डिझाइन इंजिनिअर, भोसरी)

उत्तर : थांबायची जागा या वाटेवर नाही. तुमचेच आकडे ते सांगत आहेत : दर वेळी साइझ अर्धी केली की स्ट्रेस १.३७ पट होतो. आतल्या ९० अंशांच्या धारदार कोपऱ्यात लिनिअर इलॅस्टिक गणिताचे उत्तरच अनंत आहे. कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या उणे ०.४५५ घाताप्रमाणे स्ट्रेस चढतो, आणि २ चा ०.४५५ वा घात म्हणजे १.३७. इतके हुबेहूब जुळणारे गुणोत्तर मिळाले की सिंग्युलॅरिटीबद्दल (गणितात स्ट्रेस अनंत होणाऱ्या जागेबद्दल) शंका ठेवायला जागा नाही. तडा असता तर हाच आकडा १.४१ आला असता. ग्राहकाला अर्ध्या मिमीचे ४६४ कळवणे आणि ४ मिमीचे १८० कळवणे सारखेच चूक आहे, कारण दोन्ही आकडे ब्रॅकेटचे नाहीत, एलिमेंटच्या साइझचे आहेत.

पुढे काय करायचे ते खऱ्या भागात कोपऱ्याला काय आहे त्यावर ठरते. मशीनिंग केलेल्या भागाला टूलच्या टोकाची त्रिज्या असतेच, कास्टिंगला फिलेट असतो. मेश सोपा व्हावा म्हणून कॅडमधून तो काढून टाकला असेल तर परत घाला आणि त्यावर पुरेसे एलिमेंट बसवा. आकडा स्थिरावेल. संपूर्ण असेंब्ली दाट करणे परवडत नसेल तर सबमॉडेल करा : विरळ मॉडेलमधून कोपऱ्याभोवतीचा तुकडा कापा, कापलेल्या सीमेवर मूळ मॉडेलची डिस्प्लेसमेंट द्या आणि फक्त तुकडा दाट करा. सीमा कोपऱ्यापासून इतकी दूर हवी की तिथला स्ट्रेस दोन्ही मॉडेलमध्ये जुळेल. तो जुळतो का हे तपासल्याशिवाय सबमॉडेलवर विश्वास ठेवू नका.

कोपरा वेल्डचा असेल तर हॉट स्पॉट पद्धत वापरा. तिच्याबद्दल खाली लिहिले आहे. तडा असेल तर स्ट्रेस सोडून स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर मोजा. आणि तो कोपरा निर्णयासाठी महत्त्वाचा नसेल, म्हणजे ताकदीचा प्रश्न दुसरीकडे असेल, तर तो भाग कंटूरमधून (स्ट्रेसच्या रंगीत चित्रातून) वगळा, पण का वगळला ते रिपोर्टमध्ये लिहा.

अशीच खोटी टोके आणखी तीन ठिकाणी हमखास भेटतात : सॉलिडच्या एकाच नोडवर दिलेला बिंदुभार, बोल्टच्या भोकाभोवती आरबीई-२ च्या (नोडांना ताठ बांधणाऱ्या जोडाच्या) कडक पायांची कड, आणि पूर्ण जखडलेल्या पृष्ठभागाची किनार. बिंदुभाराखाली तर साइझ लहान करत गेलात की डिस्प्लेसमेंटसुद्धा वाढत जाते. प्लॅस्टिसिटी चालू केल्यावर स्ट्रेस यील्डपाशी अडतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण स्ट्रेन तितक्याच जोमाने चढत राहतो.

प्रश्न : कन्व्हर्जन्स स्टडी (मेश बारीक करत उत्तर स्थिरावते का ते पाहणे) प्रत्यक्षात कशी करतात? १०० मिमी रुंद, ५ मिमी जाड पट्टी, मध्ये २० मिमी व्यासाचे भोक, ४० किलोन्यूटन ताण. भोकाच्या कडेला ४, २ आणि १ मिमी मेशला अनुक्रमे २१२, २३८ आणि २४६ मेगापास्कल मिळाले. (पदव्युत्तर विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : उदाहरण उत्तम निवडले आहे, कारण याचे उत्तर हाताने काढता येते. भोकाजवळचे निव्वळ क्षेत्रफळ ८० गुणिले ५, म्हणजे ४०० चौरस मिमी. सरासरी स्ट्रेस १००. अनंत रुंदीच्या पट्टीत भोकाच्या कडेला मूळ स्ट्रेसच्या तिप्पट येतो, हे किर्श यांनी १८९८ मध्ये दाखवले. पट्टीची रुंदी मर्यादित असेल तर निव्वळ स्ट्रेसवरचा गुणक काढायचे एक सोपे सूत्र आहे : एकमधून भोकाचा व्यास भागिले रुंदी वजा करा, त्याचा घन करा, त्यात २ मिळवा. इथे ०.८ चा घन ०.५१२, म्हणून गुणक २.५१ आणि स्ट्रेस २५१.

आता तुमचे आकडे. पहिला फरक २६, दुसरा ८. त्यांचे गुणोत्तर ३.२५. साइझ दर वेळी निम्मी केली आहे, म्हणून ३.२५ चा २ या पायाचा लॉग घ्या : १.७. हा कन्व्हर्जन्सचा प्रत्यक्ष दर झाला. शून्य साइझला उत्तर कुठे जाईल याचा अंदाज असा : शेवटचा फरक ८ भागिले (३.२५ वजा १), म्हणजे ३.६. तो २४६ मध्ये मिळवला की २४९.६. हातच्या २५१ शी हे छान जुळते. रोचे यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्सने अनिश्चितता सांगायची तर शेवटच्या फरकाची टक्केवारी ३.२५, भागिले २.२५, गुणिले सुरक्षा गुणक १.२५ : म्हणजे १ मिमी मेशच्या उत्तरात सुमारे १.८ टक्के. ‘मेश इंडिपेंडन्स पाहिला’ असे मोघम वाक्य थिसिसमध्ये लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहा. परीक्षकालाही बोलायला काहीतरी मिळेल.

हे गणित खरे ठरायला काही अटी पाळाव्या लागतात. तिन्ही मेशमध्ये एलिमेंटचा प्रकार एकच हवा, आणि त्या भागातली सगळी एलिमेंट एकाच प्रमाणात लहान व्हायला हवीत. नवे नोड खऱ्या वर्तुळावर बसले पाहिजेत. जुन्या सरळ बाजू नुसत्या दुभागल्या तर तुम्ही बहुभुजाकृती भोकाचे उत्तर जास्त जास्त अचूक काढत बसता. स्ट्रेस त्याच बिंदूवर वाचा. ‘मॉडेलमधला सर्वाधिक’ घेतला तर तो बिंदू दर मेशला सरकतो. दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा आला, किंवा उत्तर एकदा वर एकदा खाली गेले, तर मेश अजून खूप विरळ आहे किंवा मॉडेलमध्ये सिंग्युलॅरिटी आहे. तिथे हे सूत्र लावू नका.

किती टक्के पुरे, हे कामावर आहे. स्थिर भारावर २ चा सेफ्टी फॅक्टर असेल तर ५ टक्क्यांनी फारसे बिघडत नाही. फटीगमध्ये (वारंवारच्या भाराने थकून तुटण्यात) मात्र बिघडते. एस-एन रेषेचा (स्ट्रेस आणि आयुष्याची चक्रे यांच्या रेषेचा) घातांक ५ असेल तर ५ टक्के कमी काढलेला स्ट्रेस आयुष्य २९ टक्क्यांनी वाढवून दाखवतो, आणि १० टक्के कमी काढलेला ६९ टक्क्यांनी.

प्रश्न : आमच्याकडे ‘टेट नको, हेक्साच हवा’ असा आग्रह असतो. अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगला हेक्सा मेश करायला आठवडा जातो. खरेच इतका फरक पडतो का? (टीम लीडर, हिंजवडी)

उत्तर : टेट म्हणजे चार पृष्ठांचा एलिमेंट, हेक्सा म्हणजे विटेसारखा सहा पृष्ठांचा. हा आग्रह चार नोडच्या टेटच्या काळातला आहे. चार नोडच्या टेटमध्ये स्ट्रेन सगळीकडे एकच असतो, त्यामुळे वाकणारा भाग तो फार कडक दाखवतो. दहा नोडच्या टेटला हा दोष नाही. रिब, बॉस आणि फिलेटने भरलेल्या हाउसिंगला दहा नोडचा टेट मेश करा, जाडीत दोन थर ठेवा आणि तो आठवडा कन्व्हर्जन्सला द्या.

उलट हेक्सा आणि क्वाडसुद्धा फसवतात, ते पाहा. १०० मिमी लांब, १० बाय १० मिमी छेदाचा स्टीलचा कॅंटिलिव्हर घ्या, टोकाला १०० न्यूटन, इलॅस्टिक मोड्युलस २ लाख. हाताने टोकाचे वाकणे ०.२ मिमी आणि मुळाशी ६० मेगापास्कल येतात. हाच बीम चार नोडच्या, पूर्ण इंटिग्रेशनच्या साध्या चौरस क्वाडने, उंचीत एकच थर ठेवून सोडवला तर तो सुमारे ४८ टक्के जास्त कडक होतो, कारण क्वाडच्या बाजू वाकू शकत नाहीत आणि वाकण्याऐवजी खोटा शिअर तयार होतो. वाकणे ०.१३५ मिमी दिसते. एकच थर ठेवून एलिमेंट उंचीच्या दुप्पट लांब केले तर कडकपणा २.६ पट होतो. इथे अ‍ॅस्पेक्ट रेशो फक्त २ आहे आणि क्रायटेरियात सहज पास आहे. चौरस एलिमेंटचे थर वाढवले की ही चूक थरांच्या वर्गाने घटते : दोन थरांना सुमारे १२ टक्के, चारांना ३ टक्के.

रिड्यूस्ड इंटिग्रेशनने (एलिमेंटमध्ये कमी बिंदूंवर गणित केल्याने) शिअर लॉकिंग, म्हणजे हा खोटा कडकपणा, जाते, पण एकच थर असेल तर एकमेव इंटिग्रेशन बिंदू नेमका मध्यरेषेवर येतो. तिथे वाकण्याचा स्ट्रेस शून्य, म्हणून एलिमेंटला वाकण्याचा विरोधच उरत नाही. अशा मेशला चार थर हवेतच. इनकॉम्पॅटिबल मोडची (वाकण्याची जादा मुभा दिलेली) हेक्सा एका थरातही वाकणे चांगले पकडतात, पण ती आयताकृती असतील तोपर्यंतच. बाजू समलंबासारख्या तिरक्या झाल्या की फायदा झपाट्याने ओसरतो, आणि आकाराची क्वालिटी खरी महत्त्वाची ठरते ती इथे. हा बीम तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक एलिमेंट प्रकाराने एकदा सोडवून टीमला दाखवा. स्ट्रेस मात्र जखडलेल्या टोकापाशी न वाचता त्यापासून १० मिमी अंतरावर वाचा. हाताने तिथे ५४ येतात.

दहा नोडच्या टेटची एक अडचण सांगायला हवी. लहान फिलेटवर मधला नोड वक्रतेवर ओढला गेला की जेकोबियन ऋण होतो. सॉफ्टवेअर मग मधले नोड सरळ करून देते आणि फिलेट पैलूदार होतो. ५ मिमी त्रिज्येच्या चौथाई वर्तुळावर तीनच एलिमेंट असतील तर पृष्ठभाग खऱ्या कमानीपासून ०.१७ मिमी सरकतो, सहा असतील तर ०.०४. म्हणून मधला नोड सरळ करण्याऐवजी तिथली साइझ कमी करा. रबरासारख्या, पॉयझन रेशो ०.५ च्या जवळ असलेल्या मटेरियलला साधी टेट चालत नाहीत. हायब्रिड एलिमेंट (दाब वेगळा काढणारी) घ्या.

प्रश्न : अ‍ॅव्हरेज केलेला स्ट्रेस रिपोर्ट करायचा की न केलेला? (नवशिका, नाशिक)

उत्तर : दोन्ही पाहायचे. एका नोडला चार एलिमेंट भेटतात तेव्हा चौघांचा स्ट्रेस वेगळा निघतो. अ‍ॅव्हरेजिंग तो फरक लपवून कंटूर गुळगुळीत करते, आणि विरळ मेशही देखणा दिसू लागतो. महत्त्वाच्या नोडवर दोन्ही आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर मेश दाट करा. झिएन्कीविच आणि झू यांनी १९८७ मध्ये मांडलेला एरर एस्टिमेटर याच तफावतीवर उभा आहे. पत्र्याची जाडी किंवा मटेरियल जिथे बदलते त्या सीमेपलीकडे अ‍ॅव्हरेज कधीही करू नका. तिथे स्ट्रेसमधली उडी खरी असते. शेलमध्ये (पातळ पत्र्यासाठीच्या एलिमेंटमध्ये) वरचा आणि खालचा असे दोन्ही पृष्ठभाग तपासा. आणि फटीगसाठी एलिमेंटच्या केंद्रातला स्ट्रेस घेऊ नका, तो पृष्ठभागावरच्या स्ट्रेसपेक्षा कमीच असतो.

प्रश्न : सॉल्व्हरला पाठवण्याआधी मेशमध्ये आणखी काय तपासावे? (इंजिनिअर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आकाराच्या चेकमध्ये न दिसणाऱ्या चुका जास्त महाग पडतात. फ्री एज लावून न जोडलेल्या कडा शोधा. दुहेरी एलिमेंट काढा, नाहीतर त्या पट्ट्यात जाडी गुपचूप दुप्पट होते. शेलचे नॉर्मल एका दिशेला करा. मग दोन छोटे रन घ्या. पहिला, कुठेही न जखडता मोडल, म्हणजे नैसर्गिक फ्रिक्वेन्सी काढणारा : शून्याजवळ बरोबर सहा फ्रिक्वेन्सी याव्यात. सातवी आली तर एखादा भाग सुटा आहे. दुसरा, फक्त स्वतःचे वजन : २.४ किलोचा भाग असेल तर सगळ्या रिअ‍ॅक्शनची बेरीज २३.५ न्यूटन यायला हवी. मिमी-टन-सेकंद पद्धतीत स्टीलची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात आणि गुरुत्व ९८१० घ्यायचे असते. युनिटची चूक असेल तर या रनमध्ये हमखास सापडते.

प्रश्न : मेश खराब असल्याने खरोखर मोठी हानी झाल्याचे उदाहरण आहे का? (प्राध्यापक, कराड)

उत्तर : आहे, आणि ते विद्यार्थ्यांना सांगावेच. नॉर्वेतल्या स्लाइपनर-ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या गांडस्फ्योर्डमध्ये बुडवण्याची चाचणी चालू असताना फुटला आणि बुडाला. तळाला २४ कोठ्या होत्या. गोल कोठ्या एकमेकींना भेटतात तिथे मध्ये तिकोनी पोकळी उरते. तिला ट्रायसेल म्हणतात आणि तिच्यात समुद्राचे पाणी असते. या ट्रायसेलच्या भिंतींमध्ये मेश विरळ होता आणि एलिमेंट तिरकी झाली होती. भिंतीतला शिअर स्ट्रेस ४७ टक्के कमी निघाला, त्यामुळे भिंत पातळ राहिली आणि तिथले टी आकाराच्या डोक्याचे सळईचे तुकडेही आखूड पडले. अपघातानंतर नीट मेशने केलेल्या गणितात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटायला हवी होती. प्रत्यक्षात ती सुमारे ६५ मीटरला फुटली. नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात गेले.

वर्गात याला जोडून एक गोष्ट करून घेता येईल. ६५ मीटर पाण्याखाली दर चौरस मीटरवर ६५ टन भार येतो. भिंतीचा एक मीटर रुंदीचा पट्टा बीम मानून टोकाचा शिअर हाताने काढायला दोन ओळी पुरतात. सॉफ्टवेअरचा आकडा त्याच्या निम्म्यावर आला तर कुठल्याही विद्यार्थ्याने थांबून विचारायला हवे.

प्रश्न : क्रॅश मॉडेलमध्ये ५ मिमी मेश आणि ‘किमान लांबी’चा आग्रह का असतो? बारीक मेश जास्त अचूक नसतो का? (सीएई इंजिनिअर, पुणे)

उत्तर : एक्स्प्लिसिट पद्धतीत (काळाच्या अगदी लहान टप्प्यांनी पुढे जाणाऱ्या गणितात) टाइम स्टेप म्हणजे ध्वनीची लहर सर्वांत लहान एलिमेंट ओलांडायला जो वेळ घेते तो. स्टीलच्या पत्र्यात ती सेकंदाला सुमारे ५.४ किमी धावते. ५ मिमीच्या एलिमेंटला ०.९२ मायक्रोसेकंद लागतात, ०.९ चा सुरक्षा गुणक लावून ०.८३. १२० मिलिसेकंदांच्या धडकेला सुमारे १ लाख ४५ हजार स्टेप होतात. पूर्ण गाडीत एकच एलिमेंट १ मिमीचा राहिला तर सगळ्या मॉडेलला पाचपट स्टेप लागतात. शेलची लांबी बहुधा क्षेत्रफळ भागिले सर्वांत लांब बाजू अशी धरतात, म्हणून सुळ्यासारखा तिरका एलिमेंटही स्टेप खाली खेचतो.

मास स्केलिंग त्या एलिमेंटला वजन चढवून स्टेप सावरते. एकूण वाढ दोन टक्क्यांच्या आत असली तरी ती भागवार पाहा. सगळी वाढ क्रॅश बॉक्सच्या दोन वेल्ड फ्लँजवर साठली असेल तर धडकेच्या पहिल्या मिलिसेकंदांतला बलाचा आलेख बिघडतो. अवरग्लास ऊर्जा (रिड्यूस्ड इंटिग्रेशनच्या एलिमेंटच्या खोट्या आकारबदलात जाणारी) अंतर्गत ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि हेही एकूण नाही तर भागनिहाय तपासा. जास्त असेल तर चुरगळणाऱ्या भागांना पूर्ण इंटिग्रेशनचे शेल द्या.

बारीक मेशबद्दल म्हणाल तर, पत्रा फाटण्याचा स्ट्रेन एलिमेंटच्या साइझवर अवलंबून असतो. मान पडू लागली, म्हणजे पत्रा एका जागी आवळून पातळ होऊ लागला, की सगळा स्ट्रेन एका ओळीत गोळा होतो, आणि ओळ जितकी अरुंद तितका तो मोठा. ५ मिमीला जुळवलेले फेल्युअर कार्ड (पत्रा कधी फाटतो हे सॉल्व्हरला सांगणारे आकडे) १ मिमी मेशला लावले तर पत्रा वेळेआधी फाटतो. मेश बारीक करायचा असेल तर कार्डही त्या साइझला जुळवून घ्यावे लागते.

प्रश्न : वेल्डच्या टोकापाशी कोणता स्ट्रेस घ्यायचा? (फॅब्रिकेशन डिझायनर, कोल्हापूर)

उत्तर : टोकावरचा मुळीच नाही, तो सिंग्युलर आहे. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींतली हॉट स्पॉट पद्धत अशी : प्लेटच्या पृष्ठभागावर, वेल्डच्या टोकापासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर स्ट्रेस वाचा. पहिल्याला १.६७ ने गुणा, त्यातून दुसऱ्याचा ०.६७ पट वजा करा. टोकाजवळचा एलिमेंट जाडीच्या ०.४ पटींपेक्षा मोठा नको, आणि वाचनबिंदूंवर नोड बसवा. १० मिमी प्लेटवर ४ मिमीला १५० आणि १० मिमीला १२६ मिळाले तर हॉट स्पॉट स्ट्रेस १६६. हा स्ट्रेसचा पल्ला असेल आणि भार वाहणारे फिलेट वेल्ड असेल तर फॅट ९० ची (वीस लाख चक्रांना ९० मेगापास्कल सोसणारी) रेषा घ्या : वीस लाख गुणिले (९० भागिले १६६) चा घन, म्हणजे सुमारे ३ लाख १८ हजार चक्रे.

मेश विरळच ठेवायचा असेल, म्हणजे एलिमेंट जाडीएवढा आणि दुसऱ्या क्रमाचा, तर अंतरे जाडीच्या ०.५ आणि १.५ पट, गुणक १.५ आणि ०.५. वेल्ड प्लेटच्या कडेवर संपत असेल तर जाडीचा संबंध उरत नाही. तिथे ४, ८ आणि १२ मिमीला वाचून पहिल्याची तिप्पट, वजा दुसऱ्याची तिप्पट, अधिक तिसरा. ही सूत्रे एकमेकांत मिसळू नका. विरळ मेशवर ०.४ चे सूत्र लावणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. वेल्डच्या मुळातून तडा जाण्याची शक्यता असेल तर ही पद्धत चालत नाही. तिथे मुळाला १ मिमी त्रिज्येची खाच कल्पून इफेक्टिव्ह नॉच स्ट्रेस काढतात, दुसऱ्या क्रमाची ०.२५ मिमी एलिमेंट घेतात आणि फॅट २२५ लावतात.

प्रश्न : मोडल अ‍ॅनालिसिसला इतकाच दाट मेश हवा का? (विद्यार्थी, पणजी)

उत्तर : नाही. फ्रिक्वेन्सी स्ट्रेसपेक्षा खूप लवकर स्थिरावते, म्हणून फिलेट आणि लहान भोके काढून टाकली तरी बहुधा चालते. ज्या सर्वांत वरच्या मोडपर्यंत जायचे आहे त्याच्या एका तरंगलांबीत पहिल्या क्रमाची किमान आठ-दहा एलिमेंट बसवा आणि जोडांची कडकी, बोल्ट आणि वेल्ड नीट दाखवा. मोडलमध्ये चूक तिथेच जास्त होते. मात्र त्याच मेशवर पुढे कंपनामुळे येणारा स्ट्रेस काढायचा असेल तर फिलेट परत घालावे लागतील.